समोरच्या भिंतीवरून आलेली हाक

सुमे, तू गेलीस हे मला पटलेलं आहे. आधीच सांगून टाकतो, कारण आपल्या नीताला वाटतं बाबांना अजून पटलेलं नाही. खांदा मी दिला. अग्नी मी दिला. तेराव्याला तुझ्या आवडीची म्हणून बायकांनी वाल-वांग्याची भाजी केली होती, ती अळणी होती. तू असतीस तर तोंडावर सांगितलं असतंस. मी गप्प जेवलो. तेव्हा मला सगळं ठाऊक आहे. पण तेरावं उरकून मी पहिल्यांदा खाली मंडळाच्या खोलीत गेलो, त्या संध्याकाळी तू मला हाक मारलीस, तेही खरं आहे.

दिवाळीनंतर तू अंथरूण धरलंस तेव्हापासून मी खाली बसायला गेलोच नव्हतो. भाऊ परबाने कॅरमजवळ स्टूल पुढे सरकवलं. "बस. स्ट्रायकर तुझो," एवढंच म्हणाला. मी बसलो. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. सोंगटीच्या आवाजाशिवाय दुसरं काही डोक्यात नव्हतं. आणि दिवेलागणीला हाक आली. "अहोऽ, येताय ना वऽर?" तशीच. 'अहो' ओढलेला, 'वर' त्याहून लांबवलेला, आवाज भरडा, खालच्या पट्टीतला. मी स्ट्रायकर ठेवला, "आलो" म्हटलं आणि उठलो. कोणी अडवलं नाही. जिने चढून दारापर्यंत आलो तर दाराला कुलूप. मीच लावलेलं. चावी माझ्याच खिशात. कुलूप हातात धरून उभा राहिलो आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मला राग आला. तुझाच. हाक मारायची आणि दार लावून घ्यायचं, ही कुठली पद्धत.

या हाकेची भानगड कशी सुरू झाली ते तुला आठवत असेलच. आपली गॅलरी दुसऱ्या मजल्यावर. मंडळाची खोली बरोबर आपल्या खाली, तळमजल्याला, आत दबलेली. गॅलरीतून वाकून कितीही ओरडलं तरी आवाज गल्लीत पडतो, खोलीत शिरत नाही. लग्नानंतर कितीतरी वर्षं तू मला जेवायला बोलवायला जिने उतरून यायचीस आणि दारात उभी राहून सगळ्यांसमोर पाणउतारा करायचीस. मग मी विमानतळावर लागलो, आणि तिथलं ज्ञान घरी आणून तुझ्यापुढे पाजळायला लागलो.

माझं काम खलाशाचं, म्हणजे जहाजावरचा नव्हे, साहेबांच्या हाताखालचा मदतनीस. धावपट्टीच्या कडेला विमानांना उतरायची वाट दाखवणारी रेडिओची यंत्रं असतात. त्यांच्या पुढ्यात काही येऊ द्यायचं नाही. गवत कापायचं, चुकून आलेला ट्रक हाकलायचा, साहेब मोजमाप घ्यायला आले की खांब धरून उन्हात उभं राहायचं. चौथी शिकलेल्या माणसाला यातलं काय कळणार. पण साहेब बोलका होता आणि उन्हात दुसरं कोणी ऐकायला नसायचं.

तुला एकदा कुंपणाबाहेरून दाखवलं होतं ते सगळं. लाल-पांढऱ्या काठ्यांची रांग बघून तू म्हणालीस, "एवढंच? हे तर कपडे वाळत घालायला ठोकल्यासारखं दिसतंय. यासाठी तुम्ही अर्ध्या रात्री उठून जाता?"

घरी आल्यावर तू भाकऱ्या थापत होतीस आणि मी सांगायला बसलो. म्हटलं, त्या काठ्यांमधून लाट निघते ती दिसत नाही. ती विमानाकडे सरळ जाते. पण तीच लाट बाजूला विमानं ठेवायच्या हँगरच्या पत्र्यावरही आपटते आणि तिकडून वळून विमानाकडे जाते. ही दुसरी जरा उशिरा पोचते. दोन्ही एकमेकींत मिसळल्या की कधी जोर वाढतो, कधी एक दुसरीला खाऊन टाकते. विमानातला काटा थरथरतो. पायलटला कळत नाही खरी वाट कुठली.

तू म्हणालीस, "म्हणजे जेवताना तुम्ही आणि तुमची आई एकदम बोलता तसं."

आई आत होती. तिने ऐकलं. तीसुद्धा हसली.

मग मी लाटेच्या लांबीवर आलो, कारण साहेब म्हणायचा सगळं त्यावर आहे. एका यंत्राची लाट लांब, दोन माणसं आडवी झोपतील एवढी. वाटेत एखादा खांब आला, एखादा माणूस उभा असला, तर ती त्याला मोजतच नाही, वळसा घालून पुढे जाते. हँगरसारखं धूड आलं तरच आपटते. दुसऱ्या यंत्राची लाट आखूड, हातभर. तिला ट्रक आडवा येतो, पत्र्याचा तुकडा आडवा येतो, वाढलेलं ओलं गवतसुद्धा खुपतं. रडारची तर त्याहून आखूड, वीतभर. ती कुठल्या कुठल्या बारीकसारीक वस्तूवर आपटून येईल सांगता येत नाही. आणि जितकी आखूड तितकी कोपऱ्यावरून वळायला नालायक. आडोसा आला की मागे अंधार.

"लांब लाट तुमच्यासारखी," तू म्हणालीस. "समोर काय आहे ते बघायचं नाही, चालत सुटायचं. आणि आखूड लाट तळमजल्याच्या शेवंताबाईसारखी. एकेका दारात थांबणार, प्रत्येकाचं काहीतरी घेऊन येणार."

मी म्हटलं, थट्टा पुरे, अजून एक आहे. विमानाने किती उतारावर खाली यायचं ते दाखवणारं जे यंत्र आहे, ते मुद्दाम पुढच्या जमिनीवर लाट आपटवतं. आपटून उठलेली आणि सरळ गेलेली अशा दोन्ही मिळून तो उतार तयार होतो. म्हणून तर ती जमीन सपाट ठेवायची. ती जमीन यंत्राचाच एक भाग.

तू भाकरी तव्यावर टाकलीस आणि विचारलंस, "मग आपटलेली खोटी कशी?"

"ही आपण मागवलेली. ती हँगरवाली न मागवता आलेली."

"लाटेला काय ठाऊक कोणी मागवली नि कोणी नाही. जिच्यावरून विमान खाली उतरतं ती खोटी कशी म्हणायची?"

साहेबाला विचारलं तर तो हसला, म्हणाला, बाई बरोबर बोलतेय, लाट तीच, आपल्या कामाची की अडचणीची एवढाच फरक. हे मी तुला येऊन सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खाली खेळत असताना समोरच्या बंद गोदामाच्या भिंतीतून तुझा आवाज आला. सरळ कानात. सगळेच दचकले. भाऊ परब उठून दारात गेला, वर बघितलं, समोर बघितलं आणि म्हणाला, "रे, तुझी बायल गोदामात रवता काय?" तू खाली वाकलीच नव्हतीस. मान वर करून समोरच्या उघड्या दगडी भिंतीवर हाक टाकली होतीस आणि भिंतीने ती खाली आमच्या दारात आणून दिली. वर आल्यावर मी बघतच राहिलो. तू ताट वाढत म्हणालीस, "तुमचंच विमान. उतरलं की नाही?"

तेव्हापासून रोज. मोबाइल आले तरी तेच, कारण त्या खोलीत मोबाइलला रेंज येत नाही. जाड भिंती, आत दबलेली जागा, आणि मोबाइलची लाट बारीक. भाऊचा जुना ट्रान्झिस्टर मात्र त्याच कोपऱ्यात खणखणीत बातम्या देतो, त्याची लाट लांबच लांब. मी हे सगळ्यांना समजावून सांगायचो. कोणी ऐकायचं नाही. तुझी हाक सगळे ऐकायचे. आवाज आला की कोणीतरी म्हणायचं, चला, सुमनताईंचं विमान आलं. मला ते आवडायचं. तोंड वाकडं करून उठायचो, पण आवडायचं.

तर अशी हाक. आणि आता तू नसताना ती रोज यायला लागली. पहिल्या दिवशी मी वर धावलो. दुसऱ्या दिवशी जागेवरून हललो नाही, पण हातातली सोंगटी घामाने ओली झाली. मी आजूबाजूला बघायचो, तर एखाददुसरं पोर उठून निघायचं, त्या वेळी कोणी ना कोणी निघतंच, बाकीचे खेळतच असायचे. मला वाटलं हे एकट्यालाच येतंय. भाऊला विचारायची हिंमत झाली नाही. तो 'नाही' म्हणाला असता तर काय, आणि 'हो' म्हणाला असता तर काय.

नीताला सांगितलं, ती चूक झाली. फोनवरच तिने उलटतपासणी सुरू केली.

"रोज येते?"

"रोज. दिवेलागणीला."

"बाबा, डॉक्टरांना दाखवूया."

"काय दाखवू? कान दाखवू की भिंत?"

"चेष्टा करू नका. तुम्ही एकटे असता. फोन उचलला नाहीत तर इथे माझे हातपाय गार पडतात. ठाण्याला या ना. खोली काय पळून जाते?"

"बघू."

"तुमचं 'बघू' मला माहीत आहे. आईला आयुष्यभर 'बघू' सांगितलंत."

अगदी तुझ्यासारखी बोलते. मी फोन ठेवला आणि ठरवलं, शोध लावायचा. मला दुसरं काही येत नाही, हे येतं. विमानतळावर तक्रार आली की अमुक ठिकाणी काटा थरथरतो, तर साहेब एकेक वस्तू बाजूला करायला लावायचा. तो ट्रक हलव. तो पत्रा आडवा कर. गवत काप. प्रत्येक वेळी काटा बघायचा. जी वस्तू काढल्यावर काटा शांत होतो, ती चोर. आणि सगळं करूनही शंका राहिली तर शेवटची तपासणी, यंत्रच बंद करायचं. बंद केल्यावरही काटा हलला, तर मग ते आपलं नाही, दुसरंच काहीतरी आहे.

या तपासण्यांवरून आपलं भांडण जुनं आहे. आई गेली तेव्हा तू गावच्या रीतीने दिव्याजवळ ताटात पीठ पसरून वर टोपली घातली होतीस. ठसा ज्याचा उमटेल, त्या रूपात माणूस गेलं असं मानतात. सकाळी पिठात बारीक ठसे होते. तू हात जोडलेस, म्हणालीस, चिमणी होऊन गेल्या सासूबाई. मी म्हटलं, उंदीर आहे. तू म्हणालीस, चिमणी. मग मी सापळा लावला आणि उंदीर पकडून तुला आणून दाखवला. तू उंदराकडे बघितलं नाहीस, माझ्याकडे बघितलंस. "कळलं नसतं तर तुमचं काय बिघडलं असतं?" एवढंच. मी म्हटलं, खरं ते खरं. तू म्हणालीस, खऱ्याला घाई नसते, घाई तुम्हाला असते. हे भांडण आपण किती वेळा काढलं असेल. परवा-परवापर्यंत, तुला धड कुशीवर वळता येत नव्हतं तेव्हासुद्धा, उंदीर निघाला की तू डोळे मिचकावून म्हणायचीस, "तुमच्या आईला घास घाला." उंदीरच होता तो, सुमे. अजून म्हणतो.

तर मी शोधाला लागलो. एक दिवस मंडळाच्या खोलीचं दार लोटून बसलो. हाक आली, पण दबकी. म्हणजे दारातून येते, डोक्यातून येत नाही. माझा जीव थोडा भांड्यात पडला, थोडा वर आला. दुसऱ्या दिवशी शेवंताबाईच्या सुनेला टीव्ही बंद ठेवायला सांगितला. तरी आली. तिसऱ्यांदा गल्लीत गोदामाच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. तिथे कोणाच्या तरी वाढदिवसाचा भला मोठा पत्र्याचा बोर्ड नवीन लावलाय, सगळे हात जोडून हसतायत. त्याच्या बाजूला मी. येणारे-जाणारे बघत होते, म्हातारा वाढदिवसाला आलाय की काय. तिथून कळलं, आवाज भिंतीत नाही, आपल्याच चाळीतून येतोय. वरून. आपल्याच मजल्यावरून. वाळत घातलेल्या चादरी आणि अंधार, त्यामुळे माणूस काही दिसलं नाही.

मग एकच उरलं. संध्याकाळी खाली गेलो नाही. गॅलरीच्या टोकाला पाण्याच्या पिंपामागे उभा राहिलो, माझ्याच घरापासून लपून. सांगायला लाज वाटते, मी नवं धोतर नेसलो होतो. जर तू असतीस तर.

शेजारच्या खोलीचं दार उघडलं आणि सुप्रिया बाहेर आली. मंगेशची बायको, गुहागरकडची, लग्न होऊन वर्ष झालं नाही अजून, तीच. पदराला हात पुसले, कठड्याशी आली, खाली न बघता मान वर केली आणि भिंतीवर हाक टाकली. "अहोऽ, येताय ना वऽर?"

शेजारी उभं राहून ऐकलं तर सुप्रियाचाच आवाज. कोवळा, बारीक. तुझा त्यात काही नव्हता. पण भिंतीवर आपटून, गल्लीतून वळून, तळमजल्याच्या दारातून आत जाईपर्यंत त्यातलं बारीक ते सगळं वाटेत झडत असणार आणि जाड तेवढं पोचत असणार. वर मी सरळ ऐकत होतो. खाली सरळ पोचतच नाही, फक्त आपटलेलं पोचतं. साहेब म्हणायचा, आवाज वेगळा नि रेडिओ वेगळा, पण समजायला एवढं चालेल. मला तेवढ्यात समजलं.

पिंपामागून मी बाहेर आलो तर पोरगी किंचाळायचीच बाकी होती.

"काका, तुम्ही इथे काय करताय?"

"ही हाक तुला कोणी शिकवली?"

ती घाबरली. वाटलं असेल म्हातारा रागावला. "काकूंनी. रोज मारायला मी तेराव्यानंतरच लागले. खाली फोन लागत नाही ना यांना. मी वाकून ओरडत होते, तर काकू आतून म्हणाल्या, अगं घसा कशाला फोडतेस, समोर टाक. तुम्ही त्यांच्यासाठी शहाळं आणायला नाक्यावर जायचात ना, तेव्हा शिकवायच्या. झोपूनच. मी बाहेरून हाक मारायची आणि त्या आतून सांगायच्या, चुकलं, परत. म्हणायच्या, बारीक आवाज चिरकतो, भिंत तो नीट घेत नाही. पोटातून काढ. 'वर' लांबव, तो लांबवलास की नवरा उठतो."

"उठतो?"

"उठतात की. तुम्ही पहिल्यांदा खाली गेलात तेव्हा तुम्ही पण उठलात म्हणे." मग तिच्या लक्षात आलं. तोंडावर हात ठेवला. "काका, तुम्हाला काकूंसारखं वाटायचं का? मला माहीत नव्हतं. मी बंद करते."

"बंद कर. नवऱ्याला उपाशी ठेव," मी म्हटलं आणि घरात गेलो.

चोर सापडला होता. असं झालं की साहेब मला चहा पाजायचा. मी चहा केला, कपात तसाच राहिला. इतके दिवस संध्याकाळ झाली की माझे कान ताठ व्हायचे, भीती वाटायची, आणि त्या भीतीसाठीच मी दिवसभर वाट बघायचो. आता वाट बघायला काही नव्हतं. तू दुसऱ्यांदा गेलीस असं झालं. पहिल्यांदा माणसं होती, गर्दी होती, विधी होते. या खेपेला एकटाच होतो आणि कोणाला सांगायचं तरी काय.

सुप्रियाने खरंच हाक बंद केली. मंगेश वाटेल तेव्हा वर यायला लागला, दोघांची भांडणं भिंतीपलीकडून ऐकू यायची. शेवटी मीच तिच्या दारात गेलो. म्हटलं, "पोरी, हाक मारत जा. ती तुझ्या काकूची आहे आणि आता तुझी आहे. माझ्याकडे बघून बंद ठेवू नकोस."

"तुम्हाला त्रास नाही होणार?"

"झाला तर होऊ दे."

आणि मी पुन्हा खाली जाऊन बसायला लागलो. आता मला ठाऊक होतं कोण हाक मारतंय. तरी ती आली की मी स्टुलावरून अर्धा उठलेला असायचो. मी स्वतःला सांगायचो, सुप्रिया. स्ट्रायकर मारायचो. पण मग दोन-तीनदा मला आणखी एक गोष्ट ऐकू आली. 'वर' संपल्यावर अगदी शेवटी, हळू, 'हं?' तू करायचीस तसं. विचारल्यासारखं, मी ऐकलं की नाही ते बघितल्यासारखं. मी सुप्रियाला विचारलं, "तू शेवटी 'हं' म्हणतेस का गं?"

"नाही काका."

"काकूंनी शिकवलं नाही?"

"ते नाही शिकवलं."

याचंही उत्तर माझ्याकडे आहे. नवा पत्र्याचा बोर्ड. दगडावरून एक हाक येते, पत्र्यावरून दुसरी थोडी मागून, तिचं शेपूट उरतं, ते 'हं' वाटतं. विमानतळावर मी हे उत्तर छातीठोक दिलं असतं. इथे मला खात्री नाही. रोज येत नाही ते. कधी येतं, कधी नाही.

आता शिमगा आला. चाळ गावी निघाली. पालख्या, सोंगं, सगळ्यांच्या बॅगा गॅलरीत मांडून ठेवलेल्या. आपल्या घरी यंदा सण नाही, मी कुठे जाणार नाही. सुप्रिया आणि मंगेश उद्या पहाटे गुहागरला निघतील, पालखी देवळात परत बसेपर्यंत यायचे नाहीत. तिने काल माझ्या पाया पडून सांगितलं, येताना आंबोशी आणते. मी तोंडाने बरं म्हटलं आणि डोक्यात दुसरंच चाललं होतं. ते निघाले की यंत्र बंद. शेवटची तपासणी, तीही आपोआप. मजल्यावर हाक मारणारं कोणी नाही, शेजारची खोली रिकामी, गल्ली शांत. मी फक्त खाली बसून राहायचं आहे. हाक आली नाही तर ती सुप्रियाच होती, शेवटच्या 'हं'सकट. आणि आली तर.

माझ्यासारख्या माणसाने हे सोडायचं नसतं. काल रात्रभर खाटेवर पडून मी विचार केला. हाक आली नाही तर काय उरेल ते मला माहीत आहे, ते मी एकदा भोगलंय, तो थंड झालेला चहा. आली तर काय करायचं ते मला माहीत नाही. मला जिने चढून वर यावं लागेल, आणि या खेपेला दाराशी उभं राहून रागावता येणार नाही. दोन्हीपैकी एक खरं आहे आणि मला त्यातलं एकही हातात धरून बघायचं नाही.

आज सकाळी नीताला फोन केला. म्हटलं, न्यायला ये, शिमगा होईपर्यंत राहतो. सुप्रियाचं तिला आधीच कळवलं होतं, ते 'हं' सोडून, आणि तेव्हापासून ती मला बजावत होती की तीच होती.

ती इतकी खूश झाली की मला वाईट वाटलं. "पटलं ना बाबा? ती सुप्रियाच होती ना?"

"सुप्रियाच," मी म्हटलं.

"बघा. मी म्हणत नव्हते?"

तिला म्हणू दे. तिच्या हातापायांना तेवढी ऊब मिळू दे.

भाऊ परब चाळीतच राहतोय, त्याच्या गुडघ्यांना गावचा घाट झेपत नाही. दुपारी मला बॅग भरताना बघून दारात टेकला. त्याला सगळं कळलेलं आहे, मी न सांगता. त्यालाही ती हाक ऐकू यायची, पहिल्या दिवसापासून, आणि माझ्या तोंडाकडे बघून तोही गप्प राहिला होता. म्हणाला, "जा तू बिनघोर. मी असंय हंयसर. सांजवेळी बसान खाली एकटो. काय ऐकाक इला तर फोन करतंय."

मी म्हटलं, "ऐकलंस तरी सांगू नकोस. नाही ऐकलंस तरी सांगू नकोस."

त्याने गुडघा चोळला. मग म्हणाला, "परत इलंस की मी सांगूचा नाय, तू इचारूचा नाय?"

"नाही."

"बरां."

सुमे, म्हणून तुला हे लिहून जातोय. ही एक तपासणी मी करत नाही. तू जिंकलीस असं समजू नकोस, मी फक्त घाई करत नाही. ठाण्याला नीताच्या घरी दिवेलागणीला टीव्ही मोठा लावतात, मी त्याच्यासमोर बसेन, जे वाढतील ते जेवेन. तुला हाक मारायची असली तर मार. नसली तर राहू दे. मला कळणार नाही. तसंच असू दे.